वाढलेल्या आयुष्याची निगा

1 एप्रिल 2004 रोजी देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरची औषधे मोफत मिळू लागली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे त्यांपैकी एक. त्या काळात वयाच्या पस्तिशीत ज्यांनी ही औषधे सुरू केली आणि नेमाने घेतली, ती माणसे आज पंचावन्नच्या पुढे गेली आहेत. तेव्हा घरच्यांच्या मनात एकच प्रश्न असे, आता किती दिवस उरले? आज प्रश्न बदलले आहेत. जिना चढताना धाप का लागते, साखर वाढली तर दोन्ही आजारांच्या गोळ्या एकत्र चालतील का, म्हातारपणी आपल्याकडे कोण बघणार? देशात सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात, सुमारे 4 लाख आहे. जगभरात एचआयव्हीसह जगणाऱ्यांतला जवळपास चौथा हिस्सा पन्नाशीपुढचा आहे. अमेरिकेत तर निम्म्याहून अधिक. ज्या आजाराकडे आपण तरुणांचा जीव घेणारा आजार म्हणून पाहत आलो, तो आता वय वाढत चाललेल्या माणसांचा दीर्घ सोबती झाला आहे. औषधांनी आयुष्य वाढवले, पण त्या वाढलेल्या आयुष्याची निगा राखणारी व्यवस्था त्याच वेगाने उभी राहिली नाही. ती उभारण्यासाठी लागणारी सर्वांत मौल्यवान गोष्ट मात्र आपल्या हाताशी आहे: एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रावरची ठरलेली फेरी आणि रोज न चुकता गोळी घेण्याची लागलेली सवय.

इथवर आपण कसे पोहोचलो, हे थोडक्यात आठवायला हवे. 1996 च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याचा उपाय लागू पडतो हे सिद्ध झाले, पण त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. 2001 साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने हेच उपचार दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात देऊ केले आणि गरीब देशांसाठी दार उघडले. भारतात 2017 पासून रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या सीडी फोर पेशींची संख्या कितीही असली तरी निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आले. पुढे डोल्युटेग्राव्हिर असलेली, दिवसाला एकच घ्यायची गोळी सरकारी केंद्रांवर मिळू लागली. औषध नियमित असेल तर बहुतेकांच्या रक्तातला विषाणू इतका कमी होतो, की चाचणीत तो सापडतही नाही. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. हे सिद्ध करण्याच्या वाटेवर 2011 साली ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने मोठा टप्पा गाठला, त्यात पुण्यातली जोडपीही सहभागी होती. विज्ञानाचे, कार्यकर्त्यांचे आणि सरकारी यंत्रणेचे हे संयुक्त यश आहे. त्या यशामुळेच पुढची जबाबदारी आपल्यावर आली आहे.

ही जबाबदारी किती मोठी आहे, ते एका आकड्यावरून कळते. अमेरिकेतल्या कैझर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या सभासदांच्या 2000 ते 2016 या काळातल्या नोंदींचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. औषधे वेळेत सुरू झालेल्यांचे एकूण आयुर्मान इतरांच्या बरेच जवळ आल्याचे त्यात दिसले. मात्र हृदयविकार, मधुमेह, कर्करोग, मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसांचे जुनाट आजार यांपैकी काहीही नसलेली वर्षे मोजली, तेव्हा एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या वाट्याला अशी वर्षे सुमारे 16 ने कमी आल्याचे आढळले. थोडक्यात, जगण्याची वर्षे मिळाली, निरोगी वर्षे तितकी मिळाली नाहीत. यावर एक रास्त शंका घेतली जाते. वय झाले की हे आजार सर्वांनाच होतात, मग एचआयव्हीचे वेगळे कौतुक कशाला? आणि ‘एचआयव्हीमुळे माणूस दहा वर्षे आधी म्हातारा होतो’ हे जे सरसकट म्हटले जाते, ते खरे आहे का? या शंकेला पुराव्याचा आधार आहे. अमेरिकेतल्या जवळपास एक लाख माजी सैनिकांच्या अभ्यासात एचआयव्ही असलेल्यांना आणि नसलेल्यांना हृदयविकाराचा झटका किंवा कर्करोग साधारण त्याच वयात आल्याचे दिसले. तेव्हा सगळे शरीर घाईने म्हातारे होते, हे म्हणणे ढोबळ ठरते. पण त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: वय तेच असले तरी हे आजार होण्याचा धोका एचआयव्ही असलेल्यांना अधिक होता. म्हणजे आजार नेहमीचेच, पण ते जास्त जणांना गाठतात. अशा वेळी उपाय म्हणून कुठले नवे रहस्य शोधत बसायचे नाही. नेहमीच्या तपासण्या जास्त काटेकोरपणे करायच्या.

हा वाढलेला धोका येतो कुठून? पहिले उत्तर आतड्यांत सापडते. आपल्या सीडी फोर पेशींचा मोठा साठा आतड्यांच्या अस्तरात असतो. संसर्ग झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू तिथे मोठा संहार करतो आणि पुढे औषधांनी रक्तातल्या पेशी सावरल्या तरी आतड्याची ही तटबंदी पूर्ण भरून येत नाही. तिच्या फटींतून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपत राहतात. त्यांची चाहूल लागून रोगप्रतिकारक यंत्रणा सतत जागी राहते आणि शरीरात मंद दाह धुमसत राहतो. त्यात औषधांच्या आवाक्याबाहेर काही पेशींमध्ये विषाणू दडून असतो, तोही ही यंत्रणा डिवचत राहतो. धमन्यांच्या आतल्या थरावर, हाडांवर आणि मूत्रपिंडावर या दाहाचा परिणाम वर्षानुवर्षे साचत जातो. दोन मोठ्या चाचण्यांनी या साखळीला बळकटी दिली. 2006 च्या ‘स्मार्ट’ या अभ्यासात साडेपाच हजारांच्या आसपास लोक होते. सीडी फोर चांगले असेल तेव्हा औषध थांबवायचे आणि घसरले की पुन्हा सुरू करायचे, असा प्रयोग त्यांतल्या एका गटावर झाला. त्या गटात मृत्यू तर वाढलेच, शिवाय हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे गंभीर आजारही वाढले. 2015 च्या ‘स्टार्ट’ अभ्यासाने उलट्या बाजूने तेच सांगितले. प्रतिकारशक्ती शाबूत असतानाच औषध सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. ‘गोळ्यांनीच शरीर खराब होते’ या समजुतीपायी मधूनमधून औषध बंद करणाऱ्यांनी हे दोन निष्कर्ष मनावर कोरून ठेवावेत. औषधांचे दुष्परिणाम असतात, पण मोकाट सुटलेला विषाणू हृदयालाही सोडत नाही.

दुसरे उत्तर औषधांच्या इतिहासात आहे आणि ते सांगताना प्रामाणिक राहायला हवे. सुरुवातीच्या काळात भारतात ज्यांना स्टॅव्हुडिन मिळाले, त्यांतल्या अनेकांच्या गालांवरची आणि हातापायांवरची चरबी झडली, पायांत मुंग्या आणि जळजळ कायमची राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली ते औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. झिडोव्हुडिनमुळे काहींचे हिमोग्लोबिन खाली जाई. आजच्या गोळीतले टेनोफोव्हिर प्रभावी आहे आणि हिपॅटायटिस बी वरही चालते, पण त्याच्या एका प्रकारामुळे काहींची मूत्रपिंडे आणि हाडे हळूहळू कमकुवत होऊ शकतात. डोल्युटेग्राव्हिरवर आल्यावर अनेकांचे, विशेषतः स्त्रियांचे, वजन वाढल्याचे आफ्रिकेतल्या अभ्यासांत दिसले. याच औषधामुळे रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसते, पण तेवढ्यावरून मूत्रपिंड बिघडले असे होत नाही; ते औषध क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची वाट जराशी अडवते, इतकेच. अशा बारकाव्यांमुळेच वीस वर्षे औषध घेतलेल्या माणसाचा जुना केसपेपर जपून ठेवण्याजोगा असतो. कोणते औषध किती वर्षे घेतले, हे कळल्याशिवाय त्याच्या हाडांचा किंवा नसांचा आजचा त्रास नीट उलगडत नाही.

तिसरे उत्तर घरात आणि बाजारात आहे. डेन्मार्कमधल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषधोपचार घेणाऱ्या एचआयव्हीबाधितांच्या आयुष्यातून विषाणूने किती वर्षे हिरावली आणि धूम्रपानाने किती, याचा हिशेब मांडला गेला. विषाणूच्या खाती पडली सुमारे 5 वर्षे, धूम्रपानाच्या खाती 12 हून अधिक. आपल्याकडे बिडी-सिगारेटच्या जोडीला तंबाखू, गुटखा आणि बायकांच्या हातातली मशेरी आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी मशेरीला ‘दात घासायची वस्तू’ म्हणून घराघरांत मुभाच आहे. त्यात दक्षिण आशियाई शरीराची ठेवण अशी, की युरोपीय माणसाच्या तुलनेत कमी वजनावरच मधुमेह गाठतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. एकीकडे देशभर वाढलेला मधुमेह, दुसरीकडे दाह आणि औषधांमुळे वाढणारे वजन, आणि या दोन्हींच्या मध्ये सापडतो तो एचआयव्हीसह जगणारा माणूस. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मोठ्याने सांगायला हवी. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. कारण तो घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूला दुबळी झालेली प्रतिकारशक्ती आवरू शकत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना या स्त्रियांची तपासणी तिशीची वाट न पाहता पंचविशीपासून सुरू करायला सांगते. सुरुवातीच्या टप्प्यात सापडलेला बदल बाह्यरुग्ण विभागातच काढून टाकता येतो. उशिरा सापडलेला कर्करोग मात्र जीव घेतो. ज्या बाईने विषाणूशी वीस वर्षे झुंज दिली, तिने टाळता येण्याजोग्या कर्करोगाने जावे, हे व्यवस्थेचे अपयश आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. 2017-18 च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातल्या उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी सुमारे आठांत एकाचाच रक्तदाब आटोक्यात असल्याचे आढळले. बहुतेकांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नव्हते. दुसरीकडे, याच देशात एआरटी घेणाऱ्या आणि व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची, चाचणी झालेल्या लोकांपैकी दहांत नऊहून अधिक जणांचा विषाणू दबलेला असतो. या दोन आकड्यांची थेट तुलना होत नाही, कारण पहिल्यात निदान न झालेलेही मोजले आहेत. तरीही त्यांच्यातली दरी बरेच काही सांगून जाते. रक्तदाबाचे औषध स्वस्त आहे, ते मिळणे दुर्लभ नाही. कमतरता आहे ती नोंद ठेवणाऱ्या, पुन्हा बोलावणाऱ्या, न आल्यास फोन करणाऱ्या आणि ‘गोळी का चुकली’ हे रागावल्याशिवाय विचारणाऱ्या व्यवस्थेची. एचआयव्ही कार्यक्रमाने ती उभी केली. प्रत्येक केंद्रावर समुपदेशक नेमला, औषध घेऊन जाणाऱ्याची तारीख लिहून ठेवली, संपर्क तुटलेल्यांना शोधून परत आणण्यासाठी माणसे फिरवली. दीर्घ आजार कसा सांभाळायचा, हे या देशात सर्वांत चांगले कुणाला जमले असेल, तर ते एआरटी केंद्रांना. मग त्याच फेरीत दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधणे, वर्षातून एकदा साखर, चरबी आणि क्रिएटिनिन तपासणे, वजन आणि कंबर मोजणे, हे सगळे दुसऱ्या इमारतीतल्या दुसऱ्या रांगेवर का ढकलायचे?

यावर यंत्रणेतली माणसे जो आक्षेप घेतात, तो हलक्यात घेण्यासारखा नाही. केंद्रांवर आधीच गर्दी आहे, डॉक्टर कमी आहेत. त्यात मधुमेह आणि रक्तदाबाची भर पडली, तर एचआयव्हीच्या मूळ कामाला तडा जाईल आणि कमावलेले यश हातचे जाईल. सुदैवाने ही भीती प्रत्यक्ष तपासून पाहिली गेली आहे. टांझानिया आणि युगांडातल्या 32 आरोग्य केंद्रांवर एचआयव्ही, मधुमेह आणि रक्तदाब या तिन्हींची सेवा एकाच ठिकाणी देऊन पाहण्यात आली. त्याचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. सेवा एकत्र केल्याने एचआयव्हीबाधितांच्या विषाणू-नियंत्रणाला धक्का लागला नाही. ती केंद्रे आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांपेक्षा श्रीमंत नव्हती. शिवाय तब्येत स्थिर असलेल्यांना एका वेळी काही महिन्यांची औषधे देण्याची पद्धत आपल्याकडे आली आहे, त्यामुळे फेऱ्या कमी झाल्या आहेत. वाचलेला तो वेळ कमी फेऱ्यांत अधिक तपासणी करण्यासाठी वापरता येईल. गुंतागुंतीच्या रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवावेच लागेल, पण रक्तदाब मोजायला तज्ज्ञ लागत नाही.

दुसरा आक्षेप गोळ्यांच्या ओझ्याचा आहे. एका गोळीवर आलेल्या माणसाला पुन्हा चार गोळ्यांवर न्यायचे का? इथे सरसकट उत्तर चालत नाही, हिशेब मांडावा लागतो. ‘रिप्रीव्ह’ या अभ्यासाने तो मांडून दाखवला. भारतासह 12 देशांतल्या 40 ते 75 वयाच्या 7,769 एचआयव्हीबाधितांना, ज्यांना नेहमीच्या निकषांनुसार हृदयविकाराचा धोका फारसा नव्हता, पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन गटातले औषध किंवा बिनऔषधी गोळी दिली गेली. 2023 साली निष्कर्ष आले: हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि तत्सम गंभीर प्रसंग औषधाच्या गटात सुमारे 35 टक्क्यांनी कमी झाले. दर हजार माणसांमागे वर्षाला सातऐवजी पाचच्या आसपास. आकडा छोटा वाटेल, पण वीस वर्षांचा आणि लाखो लोकांचा विचार केला तर तो छोटा राहत नाही. दुसऱ्या पारड्यात स्नायुदुखी आणि नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण किंचित वाढले, हेही टाकायला हवे. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ‘मला स्टॅटिन हवे का’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा, स्वतःच्या मनाने गोळी मात्र सुरू करू नये. त्याचे कारण औषधांच्या आपसातल्या भांडणात आहे. डोल्युटेग्राव्हिर सुरू असताना मधुमेहाचे मेटफॉर्मिन रक्तात जास्त साठते, म्हणून त्याचा दिवसाचा डोस सहसा 1000 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. कॅल्शियम, लोह आणि पित्तावरची काही औषधे डोल्युटेग्राव्हिरला पोटातच बांधून टाकतात. त्यामुळे ते त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे लागते. क्षयाचे रिफॅम्पिसिन सुरू असेल तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा द्यावे लागते. एचआयव्हीच्या उपचारातल्या रिटोनाव्हिर या औषधावर असलेल्याने सिमव्हास्टॅटिन घेतले किंवा दम्याचा काही प्रकारचा स्टेरॉइड पंप ओढला, तर गंभीर अपाय होऊ शकतो. गुडघ्यासाठी एक डॉक्टर, पित्तासाठी दुसरा आणि ताकदीसाठी औषध दुकानदार असे तिघे वेगवेगळे सल्ले देत असतील, तर हे धोके कुणाच्याच लक्षात येत नाहीत. सर्व गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून प्रत्येक भेटीत दाखवणे, हा सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित उपचार आहे.

तिसरा अडसर मात्र कागदावर सुटत नाही. हृदयरोगतज्ज्ञाला एचआयव्ही सांगितला तर वागणूक बदलेल, गावात बातमी फुटेल, या भीतीने अनेक जण एआरटीचे नाव लपवतात आणि त्या लपवण्यातूनच औषधांची गल्लत होते. सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने उपचार, नोकरी, शिक्षण आणि विम्यातल्या भेदभावाला मनाई केली आहे आणि रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही. कायदा आधार देतो, पण दवाखान्याच्या दारातली कुजबुज थांबवणे हे डॉक्टर, परिचारिका आणि आपल्या सर्वांचे काम आहे. याच कलंकातून वार्धक्यातला एकटेपणाही येतो. अनेकांचे जोडीदार एआरटी मिळू लागण्याआधीच्या काळात गेले, काहींची घरे तुटली. त्यामुळे नैराश्य, झोप न लागणे, विसराळूपणा यांची चौकशी रक्तदाबाइतकीच नेमाने व्हायला हवी. वृद्धाश्रमाच्या दारावर एचआयव्हीचे नाव ऐकून नकार मिळणार नाही, याचीही तजवीज आतापासून करावी लागेल.

या सगळ्यात व्यक्तीच्या हातात काय आहे? औषध एकही दिवस न चुकवणे, तंबाखू आणि मशेरी सोडणे, रोज अर्धा तास भरभर चालणे आणि हाडे-स्नायू टिकवायला थोडे वजन उचलणे, ताटात डाळ-कडधान्ये आणि पालेभाज्या वाढवून मीठ-साखर घटवणे, लसी आणि क्षयाच्या प्रतिबंधक उपचारांविषयी केंद्रावर विचारणे. यातले बहुतेक सल्ले एचआयव्हीपुरते नाहीत; कोणत्याही पन्नाशीच्या माणसाला वैद्य हेच सांगेल. फरक असा, की एचआयव्हीसह जगणाऱ्याला यातून मिळणारा लाभ अधिक आहे आणि रोज गोळी घ्यायची शिस्त त्याच्या अंगी आधीच मुरलेली आहे. वीस वर्षांपूर्वी एआरटी केंद्राच्या टेबलावर एकच प्रश्न पुरेसा होता: गोळ्या रोज घेता ना? तो प्रश्न आजही पहिलाच राहायला हवा. पण त्याचे ‘हो’ ऐकून केसपेपर मिटू नये. त्यानंतर रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधावा, शेवटची साखर कधी तपासली ते पाहावे, बाईंना गर्भाशयमुखाच्या तपासणीची तारीख द्यावी आणि घरी कोण आहे, झोप लागते का, हेही विचारावे. या चार गोष्टींना जी दहा मिनिटे लागतील, त्यांतच त्या हरवणाऱ्या सोळा निरोगी वर्षांतली काही वर्षे परत मिळवता येतील.